कागदावरची तारीख वाच

आधी ती चावी इकडं दे. टेबलावर ठेव. ही गाडी आज तुझ्या हातानं या फाटकातून बाहेर जाणार नाही, हे पहिलं. आणि 'सर, लुक कसा आलाय' हे मला पुन्हा विचारू नकोस. लुक बघण्याचा पगार सरकारनं मला कधी दिला नाही. मी गाडीभोवती फिरलो, तू मोबाइलवर फोटो दाखवत होतास, तेव्हा माझा हात पुढच्या डाव्या टायरच्या आतल्या बाजूला होता. तू कधी घातलास तिथं हात? घाल. आत्ता घाल. बाहेरून टायर नवा दिसतो, रबराची केसं अजून गेलेली नाहीत. आत? आतल्या कडेची नक्षी संपत आलीय. गाडी तुझ्याकडून जाऊन किती दिवस झाले? महिनासुद्धा नाही.

दोन वर्षं मोटार मेकॅनिकच्या ट्रेडला माझ्या समोर बसलास. पहिल्या बाकावर. वर्कशॉपमध्ये पान्हा हातात घ्यायची पद्धत तुझी बरी होती, म्हणून मी तुला स्टेअरिंगचं सेक्शन पोरांना समजावून सांगायला उभा करायचो. उद्यमनगरात शेड टाकलीस तेव्हा पाटीवर 'आयटीआय प्रशिक्षित' असं मोठ्या अक्षरात लिहिलंस. त्या दोन शब्दांत मीही आहे रे. म्हणून आज बोलतोय. नाहीतर उद्यमनगरात कटर फिरवणारे कमी नाहीत, मी काय रोज जाऊन ओरडतो?

गाडी खाली घेतली म्हणून मी चिडलो नाही, हे डोक्यात नीट घाल. स्विफ्ट तीस मिलिमीटर खाली घ्यायची, त्या मापाच्या स्प्रिंगा मिळतात, त्यांच्याशी जुळणारे आखूड शॉकअप मिळतात. पैसे लागतात, पण रीतसर होतं. होतं म्हणजे, उतरवून झाल्यावर चारही चाकांची मापं घेऊन, लावून, रस्त्यावर चालवून बघितल्यावर होतं. गाडी खाली घेणं हे अर्धं काम आहे आणि अलाइनमेंट हे त्याच कामाचं उरलेलं अर्धं. वेगळं बिल, वेगळा दिवस, वेगळं दुकान, असं ते काम नाही. तू अर्धं काम करून पूर्ण पैसे घेतलेस.

आणि ते अर्धंही कसं? कटरनं. मूळ स्प्रिंगचा एक वेढा कापला, गिऱ्हाइकाला कमी वाटलं, मग आणखी अर्धा. का कमी वाटलं, याचा विचार केलास? तू टेबलावर मोकळा तुकडा मोजलास आणि गाडी तेवढीच खाली येईल असं समजलास. मोकळी स्प्रिंग आणि गाडीच्या वजनाखाली दबलेली स्प्रिंग यांची उंची एक असते का? जो तुकडा तू काढलास तो गाडीखाली दबून आधीच आखूड झालेला होता. गाडी तेवढीच खाली येणार. हे तुला माहीत असतं तर दुसऱ्यांदा कटर उचलायची वेळ आली नसती.

स्प्रिंगचा कडकपणा कशावर ठरतो? बोल. तारेच्या जाडीचा चौथा घात वर, वेढ्याच्या व्यासाचा तिसरा घात खाली, आणि त्याच्याच शेजारी छेदात? काम करणाऱ्या वेढ्यांची संख्या. फळ्यावर मी हे दर वर्षी लिहितो. सहा वेढ्यांतले दीड गेले, साडेचार राहिले, म्हणजे स्प्रिंग एक तृतीयांशानं कडक झाली. त्या स्प्रिंगला आवरणारा शॉकअप मात्र जुनाच. कंपनीनं तो मऊ स्प्रिंगच्या हिशोबानं बनवलेला. म्हणून गाडी खड्ड्यातून निघाल्यावर एकदा बसून शांत होत नाही, दोनदा-तीनदा उसळते. तू त्याला 'स्पोर्टी फील' म्हणालास. गिऱ्हाइकाला म्हण, मला नको.

स्प्रिंगचं टोक बघितलंस? मूळ टोक बसकणीत नीट बसेल अशा आकारात वळवलेलं असतं. तू तिरका काप दिलास, कड तशीच ठेवलीस, आणि ते टोक बसकणीवर एका बिंदूवर टेकलंय. चाक खाली लोंबकळलं की आखूड स्प्रिंग सैल पडते, जागेवरून फिरते, चाक पुन्हा वर आलं की 'टक्' करून बसते. तो आवाज तुला ऐकू येतो, आणि तू त्यावर काय केलंस? रबराचा तुकडा घातलास. कापताना ठिणग्या उडाल्या, तिथली तार निळी पडलीय, तीही मी बघितली. स्प्रिंगचं पोलाद तापवून, तेलात विझवून, पुन्हा ठराविक तापमानाला आणून तयार केलेलं असतं. ते त्या तापमानापलीकडं तापलं की त्या जागी ते पूर्वीचं राहत नाही. नशीब, गॅसची नळी लावून तापवून बसवली नाहीस. ते करणारेही आहेत, आणि ते महाभाग तुझ्याहून स्वस्तात करतात.

आता उंची. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मी टेप लावली. डावी बाजू उजवीपेक्षा १२ मिलिमीटर खाली. का? दोन्ही स्प्रिंगा शेजारी ठेवून, वेढे मोजून, खूण करून कापल्या असत्यास तर इतका फरक आला नसता. तू एक कापलीस, बसवलीस, मग दुसरी अंदाजानं कापलीस. गाडीचा एक कोपरा खाली गेला की वजन तिरपं वाटलं जातं. पुढच्या दोन चाकांवर भार सारखा राहत नाही, आणि जोरात ब्रेक दाबला की ज्या चाकावर भार कमी ते आधी घसरतं. हे तुझ्या फोटोत दिसत नाही.

इथपर्यंत लोहारकाम झालं. खरा गुन्हा पुढं आहे.

स्विफ्टच्या पुढच्या चाकाला वरचा आर्म नाही. खाली एक लोअर आर्म आणि वर उभा स्ट्रट. ही मांडणी मॅकफर्सन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरची. १९५० साली ब्रिटिश फोर्डच्या कॉन्सल आणि झेफिर गाड्यांत ती आली आणि तिनं जग व्यापलं. आपल्याकडं पद्मिनीला पुढं वर-खाली दोन आर्म होते. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि स्ट्रट गल्लीबोळात पोचला. स्वस्त, हलका, जागा कमी खाणारा. पण त्याची एक अट आहे. त्याचा हिशोब ठराविक उंचीवर जुळवलेला असतो. त्या उंचीला लोअर आर्म साधारण आडवा असतो, चाकाकडच्या टोकाला थोडा उतरता. तू गाडी खाली आणलीस म्हणजे काय झालं? चाक जमिनीवरच राहिलं, बॉडी खाली आली, म्हणजे आर्मचं चाकाकडचं टोक वर गेलं. आर्म उलटा चढता झाला. आता गाडी वळणात कलली की बाहेरच्या चाकाचा आर्म आणखी वर चढतो आणि चाकाचं वरचं टोक आत ओढून धरायची ताकद त्याच्यात राहत नाही.

त्याच्याही पुढं ऐक, कारण हे तू परीक्षेत बरोबर लिहिलं होतंस आणि धंद्यात विसरलास. गाडी वळणात ज्या बिंदूभोवती कलते, तो रोल सेंटर. स्ट्रटच्या गाडीत तो आर्मच्या रेषेवरून ठरतो. गाडीचं वजन सहा सेंटिमीटर खाली आलं असं तू गिऱ्हाइकाला छाती फुगवून सांगितलंस. पण आर्म उलटा चढला की रोल सेंटर त्याच्याहून कितीतरी जास्त खाली पडतो. दोघांमधलं अंतर कमी होण्याऐवजी वाढलं. कलायला लावणारा दांडा लांब झाला. कडक स्प्रिंगमुळे ते तुला जाणवत नाही एवढंच. 'लो केली की कॉर्नरिंग वाढतं' हे वाक्य तुझं नाही, कुठल्यातरी व्हिडिओतलं आहे, आणि तो व्हिडिओ करणाऱ्यानं कुठली गाडी, किती खाली, खालचा बॉल जॉइंट बदलून आर्म पुन्हा सरळ केला होता का, हे तुला सांगितलं नाही. तू विचारलंही नाहीस.

टाय रॉडचंही तेच. मूळ उंचीला टाय रॉड आणि लोअर आर्म असे बसवलेले असतात की चाक वर-खाली झालं तरी दोघांचे चाप जवळजवळ सारखे फिरतात आणि चाकाचं तोंड सरळ राहतं. उंची बदलली की चापाचा वेगळाच भाग वापरात येतो. मग खड्ड्यात चाक वर उचललं की ते आपोआप वळतं. स्टेअरिंग तू सरळ धरलंयस, आणि चाक स्वतःच्या मनानं वळतंय. गिऱ्हाईक म्हणालं ना, 'रस्ता खराब असला की गाडी फिरल्यासारखी वाटते'? तू त्याला टायरमधली हवा वाढवून दिलीस.

बरं. आता तो कागद काढ. ग्लोव्हबॉक्समध्ये घडी करून ठेवलायस तो. 'सर, अलाइनमेंट केलंय, प्रिंट आहे' म्हणून मघाशी मला तोंडावर सांगितलंस. वाच मोठ्यानं.

डावा कॅम्बर काय लिहिलाय? 'उणे दोन पॉइंट दहा'? पुन्हा वाच. टिंब नाही ते, अंशाची खूण आहे. दोन अंश दहा मिनिटं. अंशाची साठ मिनिटं होतात, शंभर नाही. एवढंही न कळता तू गिऱ्हाइकाला प्रिंट समजावून सांगितलीस? उणे म्हणजे चाकाचं वरचं टोक आत झुकलेलं. उजवा काय? उणे एक अंश पाच मिनिटं. दोन्ही लाल रंगात छापलेत. लाल का, विचारलंस? मशीनवाला म्हणाला, 'या गाडीत कॅम्बर होत नाही.' आणि तू मान डोलावलीस. कंपनीनं दिलेल्या अवस्थेत होत नाही, बरोबर आहे. पुढं फक्त टो, म्हणजे चाकाचं तोंड आत-बाहेर, फिरवता येतो. कारण कंपनीनं दिलेल्या उंचीला कॅम्बर फिरवायची गरज पडत नाही. गरज तू निर्माण केलीस, मग सोयही तूच करायला हवी होती. स्ट्रट नकलला दोन बोल्टांनी धरलेला असतो. त्यातल्या एकाच्या जागी एक्सेंट्रिक बोल्ट बसतो, त्यानं एक-दीड अंशापर्यंत कॅम्बर परत आणता येतो. बाजारात मिळतो. माहीत होतं का? माहीत होतं. मग?

मशीनही सोड. ओळंबा तर शेडमध्ये आहे ना? गवंड्याकडून मागून आण नसेल तर. रिमच्या पुढ्यात सोडला असतास तर वरच्या आणि खालच्या कडेत सुमारे १५ मिलिमीटरचा फरक डोळ्याला दिसला असता. सपाट जमीन, एक दोरी, एक पट्टी. पहिल्या वर्षाला पोरं हे करतात.

आता दोन्ही बाजूंच्या आकड्यांमधला फरक बघ. एका अंशाहून जास्त. झुकलेलं चाक ज्या बाजूला झुकतं त्या बाजूला ढकलतं. डावं चाक जास्त आत झुकलंय, ते गाडीला उजवीकडं ढकलतंय. उजवं कमी झुकलंय, त्याचा उलटा जोर अपुरा. म्हणजे गाडी कुणीकडं ओढते? उजवीकडं. आपण गाडी रस्त्याच्या कुठल्या बाजूनं चालवतो? डावीकडून. मग उजवीकडं कोण असतं? बोल की आता, मघाशी फार बोलत होतास.

टो मात्र हिरवा आहे, हे तू दाखवणार होतास, हो ना? बोट ठेवलंसच तिथं. ठीक. आता त्याच कागदाच्या वरच्या कोपऱ्यात बघ. तारीख वाच. सोमवार. आणि दुसऱ्यांदा, अर्धा वेढा आणखी कापलास तो कधी? गुरुवारी. तुझ्याच तोंडून मघाशी ऐकलं मी, 'कस्टमरला अजून थोडी हवी होती.' म्हणजे चष्म्याचा नंबर सोमवारी काढलास, गुरुवारी डोळ्याचं ऑपरेशन केलंस, आणि आता सोमवारचा चष्मा दाखवून मला सांगतोयस की नजर उत्तम आहे. हा कागद ज्या गाडीचा आहे ती गाडी आता जगात नाही. कॅम्बरचे ते लाल आकडे सोमवारचे, म्हणजे आज परिस्थिती त्याहूनही वाईट. आणि हिरवा टो? तो गुरुवारी कटर फिरला तेव्हाच गेला.

मी मोजला. तू चहा आणायला गेलास तेवढ्या वेळात, सुतळी ताणून. दोन्ही बाजूंना गाडीला समांतर दोरी, रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेपर्यंत पट्टी. प्रत्येक पुढचं चाक साडेतीन मिलिमीटर बाहेर तोंड करून उभं आहे. म्हणजे साधारण अर्धा अंश. अर्ध्या अंशानं काय होतं, असा चेहरा करू नकोस. गणित कर. अर्ध्या अंशाची साइन ०.००८७. चाक एक किलोमीटर पुढं जाताना गाडी त्याला त्याच्या तोंडाच्या दिशेपासून ८.७ मीटर आडवं ओढत नेते. इथून पुण्यापर्यंत सुमारे २३० किलोमीटर धर. दोन किलोमीटर तो टायर आडवा सरकतो. रबर थोडं वाकून ते सोसतं, बाकीचं घासून फेडतं. कॅम्बर आत झुकलेला, म्हणजे भार आतल्या कडेवर. टो बाहेर, म्हणजे घासणं सतत. दोन्ही मिळून आतली कड खातात. बाहेरून उभं राहून बघणाऱ्याला टायर नवा वाटतो आणि आत तार दिसायला लागते. नक्षीच्या खोबणीत १.६ मिलिमीटरच्या उंचीचे खुणेचे उंचवटे असतात, ते आतल्या कडेला सपाट व्हायला किती उरलंय ते बोटानं बघितलंस ना आता?

'सर, बॅलन्सिंग पण केलं होतं.' हे वाक्य मला ऐकायचंच नव्हतं. बॅलन्सिंग म्हणजे चाक फिरताना त्याचं वजन सगळीकडं सारखं आहे का. अलाइनमेंट म्हणजे चाकाचं तोंड कुठं आहे. गिऱ्हाईक दोन्ही एका दमात बोलतं, ते त्याला शोभतं. रिमला शिसं चिकटवून चाकाचं तोंड सरळ होत नाही.

लोअर आर्मची बूश बघू. रबर चिरायला लागलंय. महिन्यात? का ते सांगतो, कारण हे पुस्तकात बारीक अक्षरात असतं आणि पोरं ते पान उलटतात. ते रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं. ते घसरत नाही, फक्त पिळतं. तू गाडी जॅकवर ठेवून, चाकं लोंबकळत असताना बोल्ट आवळलेस. मग गाडी खाली ठेवलीस आणि वजन आलं, तेव्हा रबर कायमचं पिळलेलं राहिलं. तो बोल्ट आधी हातानं लावायचा, गाडी चाकांवर उभी करायची, दोनदा दाबून बसवायची, आणि मग शेवटचा जोर द्यायचा. खड्ड्यावर, लिफ्टच्या रॅम्पवर, कसंही. पण वजन चाकांवर असताना. नाहीतर रबर तर जातंच, शिवाय पिळलेलं रबर गाडीला थोडी उचलून धरतं आणि तू घेतलेली उंचीसुद्धा खोटी ठरते. त्या खोट्या उंचीवर अलाइनमेंट केलंस तर तेही खोटं.

खालचं अंतर. कंपनी १६३ मिलिमीटर देते. मी आत्ता मोजलं, १०३ राहिलंय, तेही रिकाम्या गाडीचं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, १७ मीटर त्रिज्येचा गोल. स्विफ्टच्या पुढच्या-मागच्या चाकांत २.४५ मीटर. दोन्ही चाकं त्या गोलावर असताना मध्ये रस्ता साडेचार सेंटिमीटर वर येतो. म्हणजे मापातल्या गतिरोधकावरही पोटाखाली सहा सेंटिमीटर उरले. आई, वडील, आजी मागं बसली, डिकीत सामान, की त्यातले आणखी दोन-तीन गेले. आणि आपल्या गावांतले गतिरोधक मापातले असतात का? ग्रामपंचायतीनं रातोरात मुरूम आणि डांबर टाकून जो उंचवटा केलेला असतो, त्याच्यावर पहिला चेंबर टेकणार. चेंबर फुटला, तेल गेलं, आणि दिवा बघेपर्यंत इंजिन धरलं, की ते बिल कुणाच्या नावावर?

कायद्याचं एका दमात सांगतो, कारण तो माझा विषय नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाच. कंपनीनं मुळात नमूद केलेल्या तपशिलाच्या विरुद्ध बदल करू नयेत, असं सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये सांगितलंय. कलम १८२अ खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा बदलामागं ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. स्प्रिंग त्यात बसते की नाही यावर वकील भांडतील. अपघात झाला तर विमा कंपनीचा सर्वेयर भांडणार नाही. तो खाली वाकून कापलेलं टोक बघेल आणि फोटो काढेल.

आणि ते शर्यतीचं मला सांगू नकोस. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर गाड्या जमिनीला टेकलेल्या असतात, आणि कॅम्बर मुद्दाम उणे ठेवतात, हे खरं. का ठेवतात? वळणात गाडी कलल्यावर बाहेरचं चाक सपाट टेकावं म्हणून. तिथं गतिरोधक नाही, म्हैस नाही, ऊस भरलेली ट्रॉली नाही. टायर तापून काही फेऱ्यांत संपला तर बदलतात. आणि प्रत्येक बदलानंतर गाडी मापाच्या पाटावर उभी करून चारही कोपऱ्यांचं वजन, उंची, कॅम्बर, टो लिहून ठेवतात. त्यांच्याकडून तू उंची उचललीस आणि वही तिथंच ठेवलीस.

आता काय करायचं ते सांगतो, लिहून घे. मोबाइलवर नको, कागदावर.

या कापलेल्या चार स्प्रिंगा भंगारात. दुसऱ्या गाडीला लावायच्या नाहीत, 'चांगल्या आहेत' म्हणून कुणाला विकायच्या नाहीत. गिऱ्हाइकाला विचार, मूळ उंची हवी की थोडी कमी. कमी हवी असेल तर तीस मिलिमीटर, त्याहून खाली नाही, आणि स्प्रिंगेबरोबर तिच्या जोडीचे शॉकअप. बंप स्टॉप नवीन. वरचं माउंटिंग आणि बेअरिंग बघ. तू ते उघडलंस तेव्हा त्याचीही हाडं मोडली असणार. बूश नवीन, आणि आवळायची कधी ते आत्ताच सांगितलंय. मग गाडी चार दिवस चालव, स्प्रिंग बसू दे. घाई करून त्याच संध्याकाळी मशीनवर नेऊ नकोस.

मशीनवर जाण्याआधी बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, चाकाचं बेअरिंग यांना खेळ आहे का ते हलवून बघ. सैल सांध्यावर केलेलं अलाइनमेंट दुकानाच्या दारापर्यंतच टिकतं. चारही टायर एकाच मापाचे, हवा दाराच्या चिकटपट्टीवर लिहिलीय तेवढी. ही आतून खाल्लेली जोडी काढ; ती ठेवून गाडी ओढते का ते तुला कधीच कळणार नाही. मशीनवाल्याला सांग की रिमची डगमग आधी काढून घे, पाट्यावर चाक मोकळं फिरू दे, कास्टरही मोज. लोअरिंगनं कास्टर फार हलत नाही, पण धक्का बसलेल्या गाडीत तो आधी बोलतो. मागच्या आडव्या बीमला फिरवायला काही नाही, तरी त्याचं माप घे. बीम तिरका बसला असेल तर गाडी खेकड्यासारखी चालते आणि पुढचं कितीही सरळ केलं तरी स्टेअरिंग वाकडं राहतं. पुढं आधी कॅम्बर, मग टो. कॅम्बर फिरवला की टो बदलतो, त्यामुळं उलटा क्रम केलास तर काम दोनदा. टो दोन्ही टाय रॉडवर वाटून. एकाच बाजूनं ओढून आकडा हिरवा करायचा आणि स्टेअरिंग काढून सरळ बसवायचं, हा उद्यमनगरी शॉर्टकट माझ्या पोरानं करायचा नाही. लॉकनट आवळलास का, हे स्वतः बघ. दुसऱ्याला विचारून घ्यायची ती गोष्ट नव्हे. गाडीला ईएसपी असेल तर स्टेअरिंगच्या सेन्सरला नवीन मध्य शिकवावा लागतो. पुढचे दिवे पुन्हा लावून घे. नाक खाली गेलं की उजेड पाच-पन्नास फूट आधीच जमिनीवर पडतो.

त्यानंतर रस्त्यावर. सपाट, मोकळ्या रस्त्यावर हात हलका करून बघ गाडी कुठं जाते. मग थोडा ब्रेक. मग तोच रस्ता उलट्या दिशेनं, म्हणजे रस्त्याचा उतार आणि गाडीची ओढ वेगळी कळेल. आणि प्रिंट घेतलीस की त्यावर तारीख, किलोमीटर आणि चारही कोपऱ्यांची उंची स्वतःच्या हातानं लिही. उंची न लिहिलेला अलाइनमेंटचा कागद मला दाखवायला आणू नकोस.

पैसे? तुझे. गिऱ्हाइकाकडून एक रुपया मागायचा नाहीस. त्यानं 'आणखी खाली' म्हटलं, ते त्याचं वय बोललं. बाविशीतल्या पोराला कटरच्या पलीकडचं काही माहीत नसतं. तुला माहीत होतं. तो वडिलांची गाडी घेऊन आला होता आणि तू त्याला नाही म्हणाला नाहीस. नाही म्हणायला तुझं काय गेलं असतं? गेला असता तो शेजारच्या शेडमध्ये. जाऊ दे की. पाटीवर 'आयटीआय प्रशिक्षित' लिहिलेल्या माणसाकडून थोडा धंदा शेजारी गेला तर शेड पडत नाही.

काय म्हणालास? शनिवारी? घरच्या सगळ्यांना घेऊन आंबा घाटातून गणपतीपुळ्याला? या गाडीनं? आणि हे तू मला आत्ता सांगतोयस, चहा पिऊन झाल्यावर?

तो कप ठेव खाली. फोन काढ. त्याला नाही, त्याच्या वडिलांना लाव, आणि माझ्यासमोर बोल. सांग की गाडी माझ्याकडं आहे, पुढच्या आठवड्याच्या शेवटापर्यंत मिळणार नाही, चूक माझी आहे आणि शनिवारसाठी दुसरी गाडी मी बघून देतो. 'जरा काम निघालंय' असलं गुळगुळीत काही नाही. स्प्रिंग कापलीय आणि ती काढावी लागणार, हेच शब्द. नंबर नाही म्हणतोस? मग जॉबकार्डवर बघ. जॉबकार्ड तरी केलंयस ना?